चांदपाशांचं दुपंखी विमान

“उदगीरचा जिल्हा होईल तेव्हा होवो, उदगीरचं विमान आजच उडणार!” अशी घोषणा करून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चांदपाशांनी स्वतः बनवलेलं सात हात लांब, दुपंखी विमान आटलेल्या तळ्यात बैलगाडीतून उतरवलं. पाण्याची वाट बघत घागरी घेऊन बसलेल्या बायांनी लगेच त्याला हळदकुंकू वाहिलं.

“पाऊस पाडायचं इमान हेच का?” नागुबाईंनी विचारलं.

चांदपाशा भडकले. “पावसाचं न्हाई मावशी! दोन साल खपून बनवलंय. हातातल्या रिमोटवर उडतंय!”

“नुसतंच उडतंय?”

“हाव, नुसतंच! उडणं काय कमी हाय?”

विमान उडालं. त्यानं तळ्यावर तीन घिरट्या घातल्या. टाळी एकही वाजली नाही.

मान वर करून बघत नागुबाई म्हणाल्या, “पाशाभाई, एवढं वर गेलंच हाय, तर टँकर फाट्यावर आलाय का, तेवढं इचारा की त्याला.”