खालची जागा

बाबांनी गॅरेजमध्ये गाडी वर उचलून धरणारी लिफ्ट बसवली, आपली धडधाकट गाडी कव्हर घालून कायमची वर चढवून ठेवली आणि स्वतः बसने हिंडू लागले, तेव्हाच लेकीच्या मनात पाल चुकचुकली. लिफ्टखालची रिकामी जागा ते रोज झाडून लख्ख करत. तिने तिथे जरा स्कूटर लावली, तर खेकसले, "आधी काढ ती!"

नक्कीच काहीतरी शिजतंय. ही जागा कुणाच्या तरी घशात घालणार हे!

शेवटी तिने तोंडावरच विचारलं, "बाबा, खरं सांगा, इथे कुणाची गाडी येणार आहे?"

बाबांनी हातातला झाडू भिंतीला टेकवला.


"तुझा दादा घर सोडून जाताना म्हणाला होता, 'या घरात मला साधी गाडी लावायलासुद्धा जागा नाही.'"