दोर खुंटीलेच राहू दे

"त्याच्या दंडाले धरू नको," मनकर्णाबाईने पुन्हा बजावले. "अंगाले हात लागला का वरडते तो. मंग लोक म्हणतात, माजलं पोट्टं."

वहाब शिपायाने मान हलवली. मंगरुळाहून जत्रेच्या बंदोबस्ताला तो पहिल्यांदाच आला होता. नवी पगडी अजून कपाळाला काचत होती.

"बस ना, माय. किती येरझारा घालशीन?"

देवळामागच्या धर्मशाळेच्या ओसरीत दरसाल जत्रेपुरती चौकी बसायची. मधोमध सागाचा जाड खांब, खांबाच्या खुंटीला दोर. सावली काय ती तिथेच होती. म्हातारी मात्र उन्हात उभी.

"हरपलं कुठं पोट्टं?"

"या जत्रेतच, बाप्पा." पदराच्या गाठीतला गुळाचा खडा तिने काढला, पुन्हा बांधला. "नाव पुसलं तर सांगत नाई. तोंडाकडं पाहत नाई. गलका झाला का कान झाकते अन् झुलत बसते. सोंग नसते रे ते."

"सोंगाडेबी येतात ना, माय. मुके बनून खिसे कापतात. जमादारसाहेब म्हणतात, न बोलणाऱ्याले आधी बांधा, मंग पुसा."

जमादार दौलतसिंग म्हातारी दिसताच आतल्या खोलीत गेले होते. ते अजून बाहेर आले नव्हते.

"तुह्या घरी ढोरं हायेत?" तिने एकदम विचारले.

"हायेत ना. एक गोऱ्हा तर असा बुजाडा!"

"त्याले कसा आणतं घरी?"

वहाब हसला. "त्याच्याकडं पाहाचंच नाई. सरकीची ढेप दाखवाची अन् आपण पुढं चालाचं. येते मागं मागं."

"तसंच आन मंग."

तेवढ्यात मिठाईच्या पालांकडून गलका उठला. एक माणूस धापा टाकत आला. "शिपाईबुवा, चला! एका पोट्ट्यानं बत्ताशाची परात उलथली. नाव पुसलं तर मुकं बनून राह्यलं!"

वहाबचा हात दोराकडे गेला.

मनकर्णाबाई पुढे झाली. तिने गाठ सोडली आणि गुळाचा खडा त्याच्या त्याच हातावर ठेवला.

मिठाईच्या पालांपाशी पोरगं बंडीच्या चाकाला पाठ लावून झुलत होतं, दोन्ही हात कानांवर. हलवायाने काठी उगारली होती. वहाबने ती काढून घेतली, लोकांना मागे सारलं, पगडी उतरवली आणि जरा लांब जमिनीवर बसला. गूळ मधे ठेवला. मग उगाच मातीत रेघोट्या ओढत राहिला.

"शिपाई हाय का देवीचा भगत?" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

वहाबने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने पाहिलं तर गूळ जागेवर नव्हता. तो उठला आणि चौकीकडे चालू लागला. मागे वळून पाहायची फार इच्छा होत होती. मग मागे अनवाणी पावलं वाजू लागली.

मनकर्णाबाईने पोराला डोळे भरून पाहिलं. दंड पाहिले, मनगटं पाहिली. मग पहिल्यांदाच ती ओसरीच्या कडेला टेकली.

"घे, माय. तुह्यं लेकरू."

इतक्यात बांगडीवाली अन्वरी ओढणी सावरत धावत आली. "या अल्ला! निजाम!" पण तिने पोराला कवटाळलं नाही. थोडी लांब थांबून ओढणीचं टोक पुढे केलं. पोराने ते बोटाला गुंडाळून घेतलं आणि तिच्यामागे चालू लागला.

वहाबने म्हातारीकडे पाहिलं. मग घाईने पगडी चढवू लागला.

"मंग तुह्यं कुठं हाय, माय? ऊठ, उजेड हाय तवरच पाहू."

मनकर्णाबाईने रिकामा पदर झटकला आणि आपल्या गावाच्या, इंझोरीच्या वाटेकडे वळली.

"माह्यं तवाच सापडलं, बाप्पा. तू पाळण्यात असशीन. याच खांबाले बांधून होतं. मी दोर सोडला, तर अंग थंडगार."