सोळा फुटांची वायर

शोरूमच्या दाराजवळ उभ्या असलेल्या हायब्रिड गाडीच्या मागच्या सीटवर हणमंतराव बूट काढून आडवे झाले, गुडघे पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. गिऱ्हाईक स्टिअरिंग धरून बघतं, हॉर्न वाजवून बघतं; हे गिऱ्हाईक झोपून बघत होतं. सेल्समन अजहर उघड्या दारातून आत डोकावला.

"काकांची तब्येत बरी हाय ना?" त्यानं हळूच विचारलं.

"तब्येतीला काय धाड भरलीय?" हणमंतरावांच्या पत्नी सिंधुताई म्हणाल्या. "बेडरूम पसंत करायलेत."

त्यात तसूभर खोटं नव्हतं. हणमंतराव मोजणी खात्यातून रिटायर झालेले. त्र्याण्णवच्या भूकंपात पहाटे लातूर हललं तेव्हा ते उशी घेऊन अंगणात आले, ते आजतागायत छपराखाली झोपायला म्हणून परत गेले नाहीत. तीस वर्षं अंगणातली जीप हेच त्यांचं शेजघर. स्टेशनात मालगाडीला डबा जोडला तरी त्यांच्या पाठीला कळतं म्हणे. एकदा तर रोडरोलरच्या धडधडीवर त्यांनी अख्खी गल्ली चड्डी-बनियनवर रस्त्यात काढली आणि ऊन तापेपर्यंत कुणाला घरात शिरू दिलं नाही.

मोजणीदाराचं गणित सरळ होतं. भिंत जितकी उंच, तितकी लांब पडणार. घर अकरा फूट होतं तेव्हा जीप पंधरा फुटांवर उभी असायची. मग डॉक्टर व्हायला गावोगावच्या पोरी लातूरच्या क्लासेसला लोटल्या, सिंधुताईंनी होस्टेल काढलं आणि घरावर मजला चढवला. जीप मागं सरकली. आणखी एक मजला, जीप आणखी मागं. आता घर तेहतीस फूट आणि जीप चाळीस फुटांवर, फाटकाला टेकून. नव्या पोरी त्यांना वॉचमन समजून कुरिअर घ्यायला सांगायच्या. यंदा जीपचा तळ सडून गळून पडला, म्हणून ही खरेदी.

"काका, बॅटरीवरची बघा की," अजहरनं भिंतीजवळची पांढरी गाडी दाखवली. "आवाज न्हाई, थरथर न्हाई. चालू हाय का बंद, कळत बी न्हाई."

थरथर नाही म्हणताच हणमंतरावांनी एक डोळा उघडला. "चार्जिंगची वायर किती लांब?"

"सोळा फूट. चार्जरचा डबा घराच्या भिंतीवर बसवायचा."

डोळा मिटला. "मग हीच लिही. हायब्रिड. पेट्रोल पिती, आपली बॅटरी आपण भरून घेती. कुणाच्या भिंतीला तोंड लावत न्हाई."

"बॅटरीची लिही रे," सिंधुताई म्हणाल्या.

हणमंतराव उठून बसले. "मग फाटकापाशी खांब रोवू. डबा खांबावर बसवू."

"रोवून तर बघा. तिथं पोरींच्या स्कूट्या लागतेत. खांब रोवलात तर त्यालाच बांधून घालीन."

बाई बांधून घालील, याबद्दल अजहरलाही शंका वाटली नाही. हणमंतरावांनी खिशातून लोखंडी टेप काढला. हा टेप त्यांच्यापाशी जानव्यासारखा असायचा. पांढऱ्या गाडीची लांबी त्यांनी बसल्या जागेवरून नजरेनंच घेतली, टेप नुसता हातात खेळवला.

"सोळा फूट वायर. चौदा फूट गाडी. गाडीचं तोंड भिंतीकडं केलं नि मी डिकीकडं डोकं केलं, तर झाले तीस. भिंत तेहतीस. तीन फूट कमी पडायलेत, सिंधु. म्हणजे पायांचं सोड, डोकं बी भिंतीखाली गेलं."

"ते असून तरी काय उजेड पडलाय?"

अजहर माहितीपत्रक वाचू लागला. उलटं धरलं होतं.

"भिंत बाहेर पडली तर कुठवर येती, ते तीस वर्षं मोजलंत," सिंधुताई म्हणाल्या. "आत पडली तर कुणावर पडती, ते कधी मोजलंत?"

"तुला बी बाहेर ये म्हणलो होतो मी."

"कवा? उजाडल्यावर. हलायलं तवा उशी आठवली तुमाला. बायको न्हाई."

टेप खटकन डबीत गेला. जीपमध्ये पाठ टेकली की हणमंतरावांना हे वाक्य रोज ऐकू यायचं. सिंधुताईंनी ते म्हटलं मात्र आज पहिल्यांदा.

"हायब्रिड लिही," ते खाली ठेवलेल्या बुटांकडं बघत अजहरला म्हणाले.

सिंधुताई भिंतीकडं गेल्या. तिथं पांढऱ्या गाडीचा चार्जर होता. गाडीत खुपसायच्या त्याच्या जाडजूड प्लगला शोरूमवाले गनच म्हणतात. ती गन त्यांनी हुकावरून उपसली आणि वायर फरफटत हणमंतरावांवर चालून निघाल्या.

"काकू, हायब्रिडला ती लागत न्हाई!" अजहर धावला.

"गाडीला कोण लावायलंय?"

वायर सरळ झाली, ताणली, भिंतीवरचा डबा करकरला आणि सिंधुताईंना थांबावं लागलं. हायब्रिडचं उघडं दार अजून तीन फूट लांब होतं. दारात हणमंतराव, मोजे घातलेले पाय अधांतरी सोडून.

"संपली," सिंधुताई म्हणाल्या. हातातली गन रोखलेलीच होती. "माझ्याकडची एवढीच. पुढचं तुम्ही या."

हणमंतरावांनी एक पाय फरशीवर टेकवला. मग मान वर करून शोरूमचं छत बघितलं.