नवव्या दिवसाआधी

"नवरा काय करतो?" तावेरास साहेबांनी विचारलं.

"केळीच्या मळ्यात कामाला आहे. नदीपलीकडे, ग्वायुबीनला," इमाकुलाने सांगितलं. जीभ अडखळली नाही. देमेत्रियोला पुरल्याला आज आठ दिवस झाले होते, आणि सरहद्दीवरच्या या कचेरीत त्याच्या बायकोला तो अजून थोडा वेळ जिवंत ठेवायचा होता.

कायदा साधा होता. लग्न झालं असेल तर नवऱ्याच्या देशात राहायचा परवाना मिळतो. नवरा गेला की अर्जही गेला. आणि ग्वायुबीनची रीतही साधी होती. मेलेल्याचा जीव आठ दिवस घरातच घुटमळतो. नवव्या दुपारी शेवटची प्रार्थना होते, मेणबत्त्या विझवतात आणि तो निघून जातो. त्याआधी तिला त्या घरात पोचायचं होतं. नंतर परवाना काढून घेतला असता, तरी तिची तक्रार नव्हती. चोरवाटेने नदी ओलांडूनही तिने पाहिली होती. शिपायांनी पकडून पुलावरून परत धाडलं.

अंगात बहिणीचा पिवळा, फुलाफुलांचा झगा होता. "सुतकाचं काळं घालून गेलीस तर दारातच निकाल लागेल," असं म्हणून बहिणीनेच सकाळी तिच्या ओठांना लाली लावली होती, आणि लावता लावता तीच रडत बसली. इमाकुला रडली नाही. त्या लालीची मात्र तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

साहेबांनी पान उलटलं. "एकोणीस वर्षं एका घरात राहिलात. तेव्हा लग्न सुचलं नाही. आणि चार महिन्यांपूर्वी एकदम मुहूर्त सापडला?"

"एकोणीस वर्षं कुणी कागद मागितला नाही, साहेब. मग एक दिवस सरकारी ट्रक आला आणि मला उचलून पुलाच्या या बाजूला टाकलं. तेव्हा तो इकडे आला. म्हणाला, आता कागद करू."

"म्हणजे तुमचं लग्न ट्रकवाल्यांनी लावलं म्हणायचं."

"लावलं त्यांनी. नवरा मी निवडला होता."

साहेबांच्या मिशा जराशा हलल्या, तेवढंच. माणूस वाईट नव्हता. पैसे मोजून लावलेली लग्नं पाहून पाहून त्यांचा खऱ्या लग्नांवरचाही विश्वास उडाला होता. ज्याला त्याला ते सारख्याच संशयाने पाहत.

"फोन लावतो नवऱ्याला," ते म्हणाले.

हे होणारच होतं. तिची तयारी होती. देमेत्रियोचा फोन त्याच्या धाकट्या भावाकडे, लिबोरियोकडे होता. ठरलं होतं ते असं: मुलाखत सकाळी दहाची. फोन वाजला की त्याने लांब मळ्यात जायचं आणि मी देमेत्रियो म्हणून बोलायचं. पण रांग सरकता सरकता दुपारचे तीन वाजले होते. तीन म्हणजे या नऊ दिवसांतल्या रोजच्या प्रार्थनेची वेळ. आणि पाठचा भाऊ प्रार्थनेतून उठून जात नाही, काही झालं तरी. हे तिला आत्ता, पलीकडे घंटी वाजायला लागल्यावर आठवलं.

साहेबांनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"देमेत्रियो बोलतोय," लिबोरियो दबक्या आवाजात म्हणाला.

"बायको रविवारी काय रांधते?"

"तुरीच्या दाण्यांचा भात. नारळाच्या दुधातला." हे खरं होतं. लिबोरियो दर रविवारी त्यांच्याकडेच जेवायचा.

"आणि ती नाही तर कसं चाललंय तुमचं?"

लिबोरियो गप्प झाला. तो गप्प होताच मागच्या बायकांचे आवाज टेबलापर्यंत आले. एक बाई एकेका संताचं नाव घेत होती आणि बाकीच्या मागून उत्तर देत होत्या. एरवी उत्तर असतं, आमच्यासाठी विनवणी कर. घरात कुणी मेलं असेल तरच ते बदलतं. या बायका म्हणत होत्या, त्याच्यासाठी विनवणी कर.

साहेबांचा लिहिता हात थांबला. ते त्याच बाजूच्या खेड्यात वाढले होते.

"घरी कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"शेजारपाजारच्या बाया आहेत, साहेब," लिबोरियो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला.

शेजारचा म्हातारा वारला, असं सांगायचं इमाकुलाला सुचलं. सांगायला तिने तोंडही उघडलं. पण आठ दिवसांत ही प्रार्थना तिच्या कानावर आज पहिल्यांदा पडत होती. तिच्या माणसासाठी सगळं गाव बोलत होतं आणि एकटी तीच तिथे नव्हती. पुढच्या संताचं नाव आलं. पलीकडच्या बायांबरोबर तीही म्हणाली, त्याच्यासाठी विनवणी कर. आणखी एक नाव आलं. तिने पुन्हा म्हटलं.

मग तिला आपण कुठे आहोत याचं भान आलं. संपलं, तिच्या मनात आलं. आपल्याच तोंडाने आपण सगळं घालवलं.

साहेब उठले आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. परत येऊन बसले. अर्जावरचे तीन प्रश्न अजून विचारायचे होते. त्यांनी तिच्याकडे न बघता तिन्ही उत्तरं स्वतःच भरली. पासपोर्टवर शिक्का मारला, सही केली आणि पासपोर्ट तिच्यापुढे सरकवला. तिला हात पुढे करायचंही सुचेना.

फोन चालूच होता. साहेब त्याच्यावर वाकले.

"ऐका, देमेत्रियो," ते म्हणाले. "तुमची बायको उद्या पहिल्या गाडीने निघतेय. ती घरात पाऊल ठेवेपर्यंत शेवटची प्रार्थना सुरू करू देऊ नका."