लाडकी सुई

"बाई, अभ्रक पाव वळसा फिरवून बघू का?" बाईंच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या पोरीनं विचारलं, आणि विचारल्याबरोबर तिला वाटलं, झक मारली नि तोंड उघडलं.

"कशाला?"

"पडद्यावर रेणूंच्या सगळ्या जोड्या एकाच बाजूला कललेल्या दिसतात, म्हणून."

"अभ्रकावर बसल्यात ना त्या? मग अभ्रकाची वीण जशी, तशाच बसणार. एवढंही कळत नाही?"

"मग अभ्रक फिरवला की जोड्याही फिरतील. नुसतं बघू."

प्रयोगशाळेतलं ते यंत्र काही बघत नाही, चाचपतं. अंधारात आपण दिव्याचं बटण चाचपतो ना, तसं. अभ्रकाच्या पातळ तुकड्यावर प्रथिनाचे रेणू पसरायचे, त्यांच्यावरून एक अतिबारीक सुई पुढेमागे फिरते, आणि तिला जे लागेल ते पडद्यावर उमटतं. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतल्या दारावरचा पहारेकरी. बाईंचं म्हणणं, दर दाराला पहारेकरी दोन. त्यांच्या थोरल्या बहिणीचीही दुसऱ्या शहरात अशीच प्रयोगशाळा, आणि तिचं म्हणणं, एकच. एवढ्यावरून सख्ख्या बहिणींचं वर्षभर बोलणं बंद. बोलणं बंद, पण छापणं चालू! हिचा निबंध आला की पाठोपाठ तिचा उलटा आलाच. आईच्या आजारपणातसुद्धा दोघी पाळ्या लावून आल्या, समोरासमोर यायला नको म्हणून.

उद्या इथल्याच परिषदेत बाईंचं भाषण होतं. ताई समोर बसणार होती. भर सभेत तिची बोलती बंद करायची, हे बाईंनी पक्कं ठरवलं होतं.

"फिरव," त्या म्हणाल्या. "होऊन जाऊ दे तुझ्या मनासारखं."

पोरीनं चिमट्यानं अभ्रक पाव वळसा फिरवला आणि झाकण लावलं. सुई चालू असताना बोलायची सोय नाही, आवाजानं चित्र थरथरतं. दोघी स्टुलांवर गप्प बसल्या. चित्र रेघेरेघेनं वरून खाली उतरू लागलं.

पहिली जोडी दिसली. डावीकडे मोठा ठिपका, उजवीकडे धाकटा. दुसरी जोडी, तीही तशीच. मग तिसरी. अभ्रक फिरला होता, पण जोड्यांची तोंडं होती तिकडेच.

बाई पडद्याजवळ सरकल्या. जोडी रेणूंची असती तर फिरली असती. जोडी सुईची होती. तिचं टोक कुठेतरी फुटून एकाची दोन टोकं झाली होती, आणि ती एकाच पहारेकऱ्याला दोनदा शिवत होती.

"सुई बदल."

पोरीनं नवी सुई लावली. पुन्हा तेच गप्प बसणं. या वेळी एकेक ठिपका उमटला, सुटा सुटा.

"बोथट असेल ही," बाईंच्या तोंडून सवयीनं निघालं.

पोरीनं केराचा डबा पुढे सरकवला. तेव्हा कुठे बाईंना आपलंच बोलणं ऐकू आलं. वर्षभर हेच तर चाललं होतं. एक दिसला, की सुई बोथट, दोघांना मिळून एकच समजतेय, टाका केरात. दोन दिसले, की सुई तेज. अशी तेज सुई सापडली तेव्हा त्यांनी तिला वेगळ्या डबीत ठेवलं, तिचं नाव ठेवलं लाडकी, आणि छापायची सगळी चित्रं तिच्याकडूनच काढून घेतली. चांगल्या सुया उकिरड्यावर आणि फुटकी मखरात!

"तुला कधीपासून शंका येत होती?"

"झाला महिना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, बाई. तुम्ही म्हणालात, तुला ताईंनी फितवलंय का."

बाईंना हसू आलं, आणि लाजही वाटली. पोरीनं हळूच विचारलं, "मग उद्याच्या भाषणाचं काय करायचं?"

उद्या ठरलेलंच बोलून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? ही पोरगी तोंडाला कुलूप लावून बसली असती. बाईंच्या मनात हा विचार आला, नाही असं नाही. चांगला दोन-चार मिनिटं रेंगाळलासुद्धा. लाडक्या सुईची डबी त्या हातात घेऊन बसल्या होत्या. मग त्यांनी ती बाजूला ठेवली आणि फोन उचलला.

"काय गं?" पलीकडून ताईचा आवाज आला. जसं काही कालच बोलणं झालं होतं.

"ताई, पहारेकरी एकच आहे. माझी सुई फुटकी निघाली. उद्या सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे मी. म्हटलं, आधी तुला सांगावं."

बाई कान देऊन वाट बघत राहिल्या. 'सांगत नव्हते मी तुला?' आता येईल, मग येईल. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य ते, आज तर ते बोलायचा ताईला हक्कच होता.

"अगं," ताई म्हणाली, "मग आता आपण भांडायचं कशावरून?"

"तू ये तर खरी," बाई म्हणाल्या. "माझ्याकडेच उतर. सापडेल काहीतरी."