मोटरीची उंची

"मोटर दीड इंच वर घेतलीय, वेग मिळावा म्हणून. सगळेच घेतात, साहेब," मिस्त्री म्हणाला आणि बोटीच्या मागच्या फळीवर, मोटरीला खेटून, जड अंगाने बसला. "पंखा पाण्यात पुरेसा खोल आहे. तुम्हीच बघा."

त्याने आपल्या मुलीला खूण केली. सुकाणूपाशी उभ्या असलेल्या तिने वेगाचा दांडा पुढे ढकलला. बोटीला मागून धक्क्याशी बांधलेला दोर ताठ झाला. दोन शिपाई घेऊन चौकशीला आलेल्या साहेबांनी धक्क्यावरूनच मान डोलावली. त्यांचे बूट कोरडे होते आणि त्यांना ते तसेच ठेवायचे होते.

आठवड्यापूर्वी हीच बोट लाटांत उलटली होती. सहा प्रवासी वाचले, चालवणारा बुडाला. तो मिस्त्रीचा जावई. मोटर नुसतीच किंचाळत होती, बोट जागची हलेना, असं सहाही जण सांगत होते. मिस्त्रीने मोटर धुऊनपुसून सुरू केली होती, पण उंची साहेबांनी हलवू दिली नव्हती.

"म्हणजे घाबरला आणि नुसता वेग वाढवत बसला," साहेब म्हणाले. "चूक चालवणाऱ्याची. तसं लिहितो."

उंची ठरवताना मिस्त्री दर वेळी असाच मागे बसायचा, शेजारी हत्यारांची पेटी. त्या वजनाने पंखा आपोआप खोल जायचा. प्रवासी मात्र हौसेने पुढे बसतात, वाऱ्याच्या तोंडाला. तीस वर्षांत ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. आली ती जावयाला घरी आणलं त्या दिवशी. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. गेलेल्याला आता नावाचं काय, असं तो मनाला बजावत होता आणि त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

"साहेब," मुलगी म्हणाली, "तुम्ही आणि हे दोघे शिपाई जरा पुढे येऊन बसता का?"

नवरा गेलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? तिघे सांभाळत उतरले आणि बोटीच्या टोकाशी जाऊन बसले.

"बाबा, तुम्ही वर जा."

"अगं, आता कशाला..."

"पेटी पण घ्या."

मिस्त्री पेटी उचलून धक्क्यावर चढला. बोटीचं पुढचं टोक दबलं, मागची बाजू वर आली. मुलीने दांडा पुढे ढकलला. मोटर किंचाळली. मागे पांढरा फेस उसळला. दोर सैलच राहिला.

शिपायांनी कानांवर हात ठेवले तरी तिने दांडा मागे घेतला नाही. ती बापाकडे बघत होती.

"माझं नाव लिहा, साहेब," मिस्त्री म्हणाला.

त्या आवाजात कोणालाच ते ऐकू गेलं नाही. तिला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले. तिने मोटर बंद केली, आणि त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.