उड्डाणपुलावरची पहाट

नीलांबरीनं स्कूटरची किल्ली घेतली तेव्हा नळाला नुकतंच पाणी आलं होतं. "मी पाइप धरू की पोरगी?" तिचा नवरा केदार करवादला. "दोन्ही. मी रोज धरतेच की." आज कॉलेजात बाळंतपणानंतरची नोकरीची पहिली मुलाखत होती, शिकवून दाखवायची होती पुलावरून पहाटेचं शहर न्याहाळणाऱ्या इंग्रज कवीची कविता. तिच्या पहाटा मात्र मान खाली घालून हंडे भरण्यातच गेल्या होत्या. न पाहिलेलं शिकवायचं नाही, असं ठरवून ती उड्डाणपुलावर पोचली. खालची बंद दुकानं, घुमट, कळस, सगळ्यांवर एकच उजेड उतरत होता. तेवढ्यात फोन वाजला. "ईरा रडतेय गं! ये लवकर." ती वळली नाही. "पाइप सोड. तिला गच्चीवर ने." बऱ्याच वेळानं फोनवरचं रडणं थांबलं. गच्चीवरून केदार हळूच म्हणाला, "आपलं शहर असं दिसतं?"